सांडू गप झाला

घरात दहा-अकरा महिन्यांचं लेकरू असलं की असा एक दिवस उजाडतोच. कालपर्यंत कुणाच्याही कडेवर खुशाल जाणारं, गल्लीभर मिरवणारं पोर एकाएकी आईला चिकटतं. आई मोरीत गेली की रडतं, आई पाण्याला गेली की रडतं, आई नुसती उठून उभी राहिली तरी तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून भोकाड पसरतं. मग घरातली आणि शेजारची शहाणी माणसं निदानाला बसतात. कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं दात येतायत, कुणी पोटातले जंत काढतं. शेवटी सगळ्यांचं एकमत होतं ते एकाच गोष्टीवर, की आईनंच लाडावून ठेवलंय. एवढं ठरलं की पोराचं दुखणं बाजूलाच राहतं आणि आईची झडती सुरू होते. तुमच्या-माझ्या घरातही हे झालेलं आहे, नाही म्हणू नका.

औरंगाबादेत, मुकुंदवाडीच्या एका दोन खोल्यांच्या घरात हेच झालं. घर बिरूचं. बिरू चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रातपाळीचा राखणदार होता. त्याची बायको राजाबाई लासूर स्टेशनची, आणि त्यांचं लेकरू सांडू. राजाबाईचं पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. म्हणून हे देवानं सांडून दिलेलं आहे, आता त्यानं ते परत मागू नये, या समजुतीनं नाव ठेवलं सांडू. पण घरात शब्द चालायचा तो बिरूच्या आईचा, कस्तुराबाईचा.

कस्तुराबाई अजिंठ्याकडची. पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी लग्न होऊन ती मेंढरांमागे चालू लागली, आणि नवरा जाईपर्यंत चालतच राहिली. नवरा गेल्यावर कळप आपल्या थोरल्या भावाच्या, भिकनच्या हवाली केला आणि ती लेकाकडे शहरात आली. रानात जिचा आवाज या टेकडीवरून त्या टेकडीवर जायचा, ती बाई दोन खोल्यांत कोंडली गेली. करायला काही नव्हतं. अशा बाईचं लक्ष सुनेकडे गेलं नाही तरच नवल.

सांडू रडायला लागला तसं तिला काम मिळालं. बिरू सकाळी ड्युटीवरून यायचा, बाहेरच्या खोलीत आडवा व्हायचा, आणि त्याचा डोळा लागतो न लागतो तोच आतून सांडूचा सूर निघायचा. राजाबाई एका हातानं पोर सांभाळत दुसऱ्या हातानं भाकरी थापायची. भाकरी करपायची, पोर रडायचं, बिरू शिव्या द्यायचा. एकदा त्यानं पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. तेव्हा कस्तुराबाईनं पदर खोचला. रडणं कसं बंद करायचं ते मला ठावं आहे, म्हणाली. आपण एवढी कोकरं आयांपासून तोडली, तिथं हे एक पोर काय!

मेंढपाळाच्या घरी कोकरू तोडणं ही वर्षाची रीत असते. कोकरू मोठं झालं की त्याला मेंढीपासून वेगळ्या जाळीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात ठेवतात. दोन-चार दिवस कोकरं ओरडतात, मेंढ्या ओरडतात, सगळं रान दणाणतं. मग आपसूक शांत होतं. कस्तुराबाईनं जन्मभर हे केलं होतं आणि त्यात तिची कधी चूक झाली नव्हती. ज्या गोष्टीत आपली कधी चूक झालेली नसते, तिच्या जोरावरच माणूस मोठी चूक करतो.

पहिल्या दिवशी तिनं सुनेला आतल्या खोलीत घातलं आणि मधल्या दाराला बाहेरून कडी लावली. सांडूला दाराच्या अलीकडे ठेवलं. तो दारापाशी रांगत गेला आणि फळीवर हात आपटू लागला. रडून रडून त्याचा आवाज चिरला, नाक वाहायला लागलं, ओकारी झाली. कस्तुराबाईनं ओकारी पुसली, त्याचं तोंड धुतलं आणि त्याला पुन्हा होता तिथंच ठेवलं. आतून राजाबाई दार वाजवत होती.

“आत्याबाई, दार नगा उघडू, पर नुसता आवाज तरी देऊ द्या. म्या आत हाय एवढं कळलं तर गप बसंल त्यो.”

“आवाज दिला की आस लागती,” कस्तुराबाई म्हणाली. “आस तुटल्याबिगर पोर सुटत नाय.”

ती रागानं बोलली नव्हती. एखाद्या नवशिक्याला धंद्यातली गोष्ट समजावून सांगावी तशी बोलली. राजाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि आवाज दिला नाही. बिरू अंगणात बाजेवर पडून ऐकत होता. बापाचं मन आहे, त्याला काहीतरी वाटलंही असेल. पण झोप त्याहून मोठी होती. त्यानं उशी कानावर घेतली.

असे काही दिवस गेले. दार उघडलं की सांडू आईला असा बिलगायचा, की त्याची बोटं सोडवता सोडवत नसत. उपायानं दुखणं वाढलं होतं. डोळे उघडे असणाऱ्याला इथंच कळलं असतं. कस्तुराबाईनं मात्र त्यातून उलटाच अर्थ काढला, की जाळी फार जवळ पडतेय, मेंढीचा वास येतोय. तिनं बिरूला सांगितलं, राजाबाईला माहेरी नेऊन घाल. पोर विसरलं की आणू.

राजाबाई पाया पडली. पोराला सोबत नेते, तिकडंच रडेल, इथं कुणाची झोपमोड होणार नाही, म्हणाली. पण सासूनं जे ठरवलं ते ठरवलं. निघायच्या सकाळी सांडूनं आईचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं होतं. कस्तुराबाईनं एकेक बोट उलगडून ते सोडवलं. एक बोट सोडवावं तर दुसरं पुन्हा बसायचं. शेवटी तिनं त्याच्या हातावर चापट मारली आणि बिरूनं बायकोला दंडाला धरून रस्त्याला लावलं. राजाबाईनं मागं वळून पाहिलं तेव्हा सासू तिच्यावर ओरडली, की बघू नको, तुझ्यामुळंच हे सगळं झालंय.

लासूरला माहेरच्यांनी काय केलं? आई म्हणाली, सासू मोठी हाय, चार पावसाळे जास्त पाहिलेत तिनं. भाऊ म्हणाला, बोलावतील तेव्हा जा. राजाबाईची छाती दुधानं दगडासारखी झाली. तिनं ती फडक्यानं आवळून बांधली आणि तापाच्या अंगानं ती कांदे निंदायला जाऊ लागली. एका पोराला आईपासून तोडायला एकटी सासू पुरत नाही. नवरा लागतो, आई लागते, भाऊ लागतो, आणि सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करणारे शेजारी लागतात.

इकडे कस्तुराबाईनं सांडूला उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू नये. ती त्याला शेळीचं दूध पाजायची, मऊ भात भरवायची, अंघोळ घालायची, तीट लावायची. फक्त तो रडला की जायची नाही. त्याला खोलीत बसवून ती ओट्यावर शेजारच्या द्वारकाबाईशी बोलत बसायची. आतून हाक आल्यासारखं रडणं यायचं. मग नुसते हुंदके यायचे. द्वारकाबाई अस्वस्थ होऊन उठायला बघायची, तर कस्तुराबाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची.

आणि एक दिवस सांडू गप झाला.

बसवलं तिथं बसायचा. निजवलं की निजायचा. दूध पुढं केलं की थोडं प्यायचा, काढून घेतलं की मागायचा नाही. दारात कुणी आलं तरी मान वळवायचा नाही. बिरू दिवसभर घोरू लागला. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आणि कस्तुराबाई त्यांना दाखवायची, बघा, हाय का घरात लेकरू असल्याचा पत्ता? द्वारकाबाईच्या लेकीचंही पोर किरकिरं होतं. तिनं सिल्लोडला लेकीकडे निरोप धाडला, की कस्तुराबाईचा इलाज कर. चांगली रीत पसरायला पिढ्या जातात, वाईट रीत एका निरोपात सिल्लोडला पोचते!

मग तो तव्याचा प्रसंग घडला. भाकरी झाल्यावर कस्तुराबाईनं तवा उतरवून भिंतीशी टेकवला आणि ती पाणी भरायला गेली. परत आली तेव्हा सांडू तव्याजवळ बसला होता. उजवा हात उताणा मांडीवर ठेवून त्याकडे बघत होता. तळहातावर केवढा तरी फोड आला होता. डोळ्यांत पाणी होतं, ओठ थरथरत होते, पण तोंडातून आवाज नव्हता. कस्तुराबाईला धसका बसला, हंडा तिनं दारातच टाकला. तिनं कोरफड चिरून लावली, फडकं बांधलं. आणि संध्याकाळपर्यंत त्या धसक्याचा तिनं अभिमान करून टाकला. आपल्या मनाला टोचणारी गोष्ट मिरवायला लागलं की ती टोचायची थांबते, हे आपल्यापैकी पुष्कळांना चांगलं जमतं.

याच सुमारास तिचा भाऊ भिकन कळप घेऊन चिकलठाण्याच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायला उतरला होता. दुपारी बहिणीला भेटायला आला. बरोबर तांब्याभर दूध आणि रानातली बोरं आणली. चहा झाला. भिकननं सांडूला मांडीवर घेतलं. पोर बसवलं तसं बसून राहिलं. भिकनच्या मिशा पांढऱ्या, पागोटं लाल, अंगाला मेंढराचा वास. तसल्या माणसाच्या मांडीवर अनोळखी पोर एक तर खेळतं नाही तर किंचाळतं. सांडूनं दोन्हीतलं काही केलं नाही. भिकननं हाताचं फडकं पाहून विचारलं.

कस्तुराबाईनं मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. कडी, लासूर, ओटा, सगळं. शेवटी म्हणाली, “तवा लागला हाताला, चामडी निघाली, पर रडला नाय, दादा. हूं का चूं नाय. एवढा गुणी झालाय.”

भिकननं चहाची बशी खाली ठेवली. सांडूची हनुवटी वर करून त्याच्या डोळ्यांत बघितलं, मग पापणी खाली ओढून बघितली. मेंढराची बघतात तशी.

“तोडल्यालं कोकरू तू कवा एकटं ठिवलंस, कस्तुरा?” त्यानं विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. भिकननं सावकाश सांगितलं. कोकरू तोडायचं ते पाला खायला लागल्यावर. तेव्हा त्याला आईची गरज निम्मी सरलेली असते. आणि सगळी कोकरं एका जाळीत असतात, अंगाला अंग लावून निजतात. एकटं कोकरू आजवर कुणी जाळीत घातलेलं नाही, कारण ते मरतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनंच तळावर नव्या आलेल्या सुनांना शिकवलं होतं.

“ते मेंढराचं झालं,” कस्तुराबाई म्हणाली. “माझी पोरं न्हाय वाढली? म्या कवा घेऊन बसले त्यांना?”

“तू नव्हतीस बसत. तुला येळ कुठं व्हता?” भिकन म्हणाला. “बिरू दिसभर माझ्या खांद्यावर असायचा. तुझी सासू त्याला घोंगडीत घेऊन निजायची. माझ्या बायकोनं, सरूबाईनं त्याला अंगावर पाजलंय, तुझं दूध आटलं तवा. तळावर धा मांड्या व्हत्या, कस्तुरा. एकीवरून उठलं की दुसरीवर. हितं मांडी एकच हाय. तिलाच ते चिकाटणार. आन् ती बी तू काढून घेतलीस.”

कस्तुराबाईला हे लागलं. ती तणतणली. रोज रोज रडणाऱ्या पोराला किती धरून बसायचं, लेक रातभर जागून येतो त्यानं झोपायचं कधी, सून भाकरी कधी करणार. भिकननं सगळं ऐकून घेतलं. ही अडचण खोटी नव्हती आणि त्यानं ती खोटी म्हटलीही नाही.

“सकाळी तळावर फिरताना तू कंच्या कोकराला हात लावून बगायचीस?” त्यानं एवढंच विचारलं. “वरडणाऱ्या?”

ओरडणाऱ्या कोकराकडे कोण बघतं? ज्याच्या अंगात जोर आहे तेच ओरडतं. कस्तुराबाई बघायची ते कोपऱ्यात गप पडलेल्याकडे. त्याला पोटाशी धरून चुलीजवळ न्यायची, बोटानं दूध चाटवायची, रात्र रात्र जागायची. तेवढी नजर तिला होती. त्याच नजरेनं तिनं आता भावाच्या मांडीवर बघितलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा तिला सांडू दिसला. मान ढिली. डोळे उघडे, पण कशावरच नाहीत. गालाची हाडं वर आलेली. कळपात असं कोकरू दिसलं असतं तर तिनं हातातला घास टाकून धाव घेतली असती! आणि इथं तिनं ते गल्लीला दाखवलं होतं!

“दादा, हे जातंय का रं?” ती म्हणाली.

“जीव ऱ्हाईल,” भिकन म्हणाला. “बाकीचं मला ठावं नाय.”

तिनं बिरू उठायची वाट पाहिली नाही. पोराला पदरात गुंडाळलं आणि भावाला घेऊन ती तशीच स्टेशनवर गेली. जाताना द्वारकाबाईच्या दाराशी थांबली आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली, की लेकीला धाडलेला निरोप आजच्या आज माघारी घ्या, म्या चुकले. कस्तुराबाईच्या तोंडून हा शब्द गल्लीनं कधी ऐकला नव्हता. पण चूक कबूल केली की ती दुरुस्त होते, असं जर कुणाला वाटत असेल तर त्यानं लासूरला काय झालं ते ऐकावं.

राजाबाई ओसरीवर कांदे निवडत होती. सासूच्या कडेवर पोर पाहताच ती धावली. कस्तुराबाईनं गाडीत बसून मनाशी चित्र रंगवलं होतं, की आई दिसताच सांडू झेप घेईल, रडेल, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. राजाबाईनं हात पुढे केले. सांडूनं तिच्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहत राहिला. मग त्यानं मान फिरवली आणि तो भिंतीकडे बघू लागला.

राजाबाईनं त्याला छातीशी घेतलं. त्याचे हात तिच्या अंगावर आले नाहीत, खाली लोंबत राहिले. फडक्यात गुंडाळलेला हात तिला दिसला. ती किंचाळली नाही. सासूला तिनं कधी उलट शब्द दिला नव्हता, तो आता दिला.

“तुमी म्हनला व्हता आस तोडायची,” ती म्हणाली. “तुटली, आत्याबाई. आता कशाला आलात?”

कस्तुराबाई ओसरीच्या कडेला बसून राहिली. कुणी तिला पाणी विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. राजाबाई मुकुंदवाडीला परत आली ती एका अटीवर, की पोर तिच्या अंगावरून कुणी काढायचं नाही. तिनं सांडूला धोतराच्या फडक्यानं पोटाशी बांधून घेतलं. जेवताना, निजताना, पाण्याला जाताना तो तिथंच असायचा. हात हळूहळू भरून आला, पण कातडी आवळून दोन बोटं थोडी वाकडी राहिली. भाकरी, धुणं, पाणी सगळं कस्तुराबाईनं अंगावर घेतलं. बिरू झोपमोडीवरून पुटपुटला, तर तिनं त्याची बाज उचलून परसात टाकली आणि सांगितलं, हितं झोप नाहीतर कारखान्यात झोप. राजाबाई सासूशी कामापुरतं बोलायची. कस्तुराबाईला ते रोज लागायचं, आणि आपल्याला लागायलाच हवं हेही तिला कळत होतं. सांडू दिवसेंदिवस आईच्या अंगावर एखाद्या गाठोड्यासारखा पडून राहायचा. राजाबाई त्याच्याशी बोलायची, गाणी म्हणायची, तो ऐकतोय की नाही ते कळायचं नाही. एकदा तिच्या मंगळसूत्राच्या वाटीशी त्याची बोटं चाळवली. राजाबाईनं श्वास धरून ठेवला. पुन्हा काही नाही.

मग एका दुपारी राजाबाई त्याला मांडीवर घेऊन भात भरवत होती. कस्तुराबाई दुधाची वाटी घेऊन आली. पोर आज जरा टवटवीत दिसत होतं. तिचं मन भरून आलं. वाटी खाली ठेवून तिनं त्याच्याकडे दोन्ही हात पुढे केले.

सांडूनं ते हात पाहिले आणि तो किंचाळला. सगळं घर हादरलं. त्यानं आईच्या लुगड्यात दोन्ही मुठी रोवल्या, वाकडी बोटंसुद्धा, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि तो रडला. जितक्या दिवसांचं साचलं होतं तितकं सगळं रडला. राजाबाईही रडत होती, हसत होती, “हाय रं, म्या हितंच हाय रं,” म्हणत त्याला थोपटत होती. परसातून बिरू धावत आला.

कस्तुराबाईचे हात तसेच पुढे राहिले होते. ज्या आवाजाची ती इतके दिवस वाट पाहत होती तो आला होता, आणि तो तिला भिऊन आला होता. तिनं हात मागं घेतले. तोंडावर पदर घेऊन ती म्हणाली, “रडू द्या त्याला. म्या बाजूला व्हते.” आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आतलं रडणं थांबेपर्यंत उठली नाही.

सांडू पुढे धडधाकट वाढला, खेळला, शाळेत गेला. आजीच्या मांडीवर मात्र तो कधी आपणहून आला नाही, आणि तिनंही कधी ओढून घेतला नाही. पण मुकुंदवाडीत कुणाचं पोर आईला चिकटलं, रडून हैराण करू लागलं, की कस्तुराबाई पदर खोचून त्या घरात हजर व्हायची. पोराला हात लावायची नाही. त्या बाईचं पीठ मळायची, हंडे भरायची, भांडी घासायची, आणि तिला म्हणायची, तू बस घिऊन त्याला. आयाबाया विचारायच्या, असं किती दिवस करायचं? ती सांगायची, त्याची भूक सरंस्तवर. पोटाची सरती, तशी ही बी सरती.

वाचकहो, रडणारं लेकरू हट्टी नसतं. आपण हाक मारली तर कुणीतरी येईल, एवढा भरवसा त्याला अजून असतो. त्या भरवशाला खोड समजून मोडायला एक महिना पुरतो. तो परत जोडायला जन्म पुरेल की नाही ते सांगता येत नाही. तुमच्या घरात, शेजारात अशी एखादी राजाबाई आज पोर कडेवर घेऊन करपलेली भाकरी उलटत असेल. तिला शहाणपण शिकवू नका. लेकराला आईपासून सोडवू नका, आईला कामातून सोडवा.